पुलाला राखणदार हवा

आमच्या गावचा पूल दुचाकीवरून ओलांडायचा असेल तर काही नियम पाळावे लागतात. पुलाच्या तोंडाशी गाडी थांबवायची. पलीकडून कुणी निघालं नाही ना, ते बघायचं. एकदा हॉर्न द्यायचा. मागे बसलेल्याला खाली उतरवायचं, पिशव्या त्याच्याकडे द्यायच्या आणि त्याला चालत पुढे पाठवायचं. तो पलीकडे पोचला की पहिला गिअर टाकून निघायचं ते थेट त्या काठावर. मध्ये थांबायचं नाही, ब्रेक मारायचा नाही, आणि खाली पाण्याकडे तर बघायचंच नाही. हे नियम कुठल्या फलकावर लिहिलेले नाहीत. पोहायला जसे शिकलो तसेच हेही आम्ही एकमेकांचं बघून शिकलो.

पुलावर चाक चढलं की आधी आवाज येतो. लाकडी फळ्या एकामागून एक खडखडत जातात. चाकाखालचा भाग दबतो आणि पुढचा वर उचलल्यासारखा दिसतो, त्यामुळे सरळ पुलावर आपण सारखे चढणच चढतोय असं वाटतं. मध्यावर आलं की पूल डावी-उजवीकडे डुलायला लागतो. हँडल घट्ट धरलं तर गाडी जास्त डुलते, सैल धरलं तर पोटात गोळा येतो. पावसात फळ्यांवर शेवाळ धरतं. मग दोन्ही पाय खाली सोडून, चपला घासत, बसल्या बसल्या चालल्यासारखं जावं लागतं. एकदा मध्यावर माझी गाडी बंद पडली होती. किक मारायला पाय वर घेतला तर सगळा पूल हलला. शेवटी उतरलो आणि ढकलत नेली. पलीकडे पोचेपर्यंत हातातलं बळ गेलं होतं.

मुंबईहून आलेले पाहुणे याचा व्हिडिओ काढतात. त्यांना मजा वाटते. त्यांना दोष देत नाही, पहिल्या वेळी मलाही वाटली होती. पण जो माणूस दोन दुधाचे कॅन लावून रोज पहाटे इथून जातो आणि उन्हं वर आल्यावर परत येतो, त्याला विचारा. तो म्हणेल, मजा कसली, सवय झाली. या सवयीबद्दलच मला भांडायचं आहे.

हा झुलता पूल. गावात त्याला ‘हलतो पूल’ म्हणतात. दोन्ही काठांवर लोखंडी खांबांच्या जोड्या, त्यांच्यावरून गेलेले जाड तारेचे दोर, आणि दोन्ही टोकांना जमिनीत पुरलेले काँक्रीटचे ठोकळे. दोर त्या ठोकळ्यांत अडकवलेले. दोरांपासून खाली लोंबणाऱ्या सळया, सळयांना धरलेली चौकट आणि चौकटीवर फळ्या. सगळा भार शेवटी त्या पुरलेल्या ठोकळ्यांवर येतो. खांब उंच दिसतात, त्यांच्याकडे सगळे बघतात. ठोकळ्यांकडे कुणी बघत नाही, कारण ते करवंदीच्या जाळीत असतात.

तीसेक वर्षांपूर्वी तो बांधला तेव्हा आम्ही पोरं दिवसभर काठावर बसून काम बघायचो. त्याआधी होडी होती. श्रावण-भाद्रपदात नदी चढली की होडी बंद, शाळा बंद, रेशनही बंद. पलीकडच्या वाडीतलं माणूस आजारी पडलं तर पाणी उतरायची वाट बघायची. पूल झाला आणि पहिल्याच पावसात वाडीतली पोरं रोज शाळेत यायला लागली. या पुलाने आमच्यावर उपकार केले आहेत. म्हणूनच त्याचे हे हाल बघवत नाहीत.

पूल बांधला तो पायी चालणाऱ्यांसाठी. पहिल्यांदा पोस्टमनची सायकल गेली. मग कुणाची तरी लुना, मग एम-एटी. आज वाडीत जवळजवळ प्रत्येक घरापुढे एक दुचाकी आहे. काजूची पोती, आंब्याच्या पेट्या, गॅसचा सिलिंडर, कोंबड्यांचं खाद्य, सगळं दुचाकीवरून येतं-जातं. रस्त्याने यायचं तर तेरा किलोमीटरचा वळसा, आणि त्या रस्त्यावरची मोरी पावसात दहा वेळा पाण्याखाली जाते. मग माणूस काय करणार? पुलावरूनच येणार.

त्या काळात पुलाला एक राखणदार होता. सरकारने नेमलेला नव्हे. आम्ही त्यांना आबा म्हणायचो. पूल बांधणाऱ्या टोळीत ते मजूर होते. काम संपलं, टोळी गेली, आबा गावचेच असल्यामुळे राहिले. ठेकेदाराचा एक मोठा पाना त्यांच्याकडेच राहून गेला होता. पावसाच्या आधी आणि दसऱ्यानंतर ते तो पाना घेऊन निघायचे. सळयांचे सैल नट आवळायचे. ठोकळ्याच्या तोंडाशी, जिथे दोर काँक्रीटमध्ये शिरतो, तिथली माती आणि पालापाचोळा काढायचे आणि दोराला ग्रीस चोपडायचे. कुजलेली फळी दिसली की कुणाच्या तरी दारात जाऊन म्हणायचे, “तुमच्या परड्यात तो आकेशी पडलो हा, त्यातली एक फळी पुलाक द्या.” कुणी नाही म्हणत नसे.

पूल कसा ओलांडावा हेही त्यांनीच ठरवून दिलं. लग्नाची वरात पुलाशी आली की आबा उभे राहायचे. “बाजो बंद करा. पुलार नाच नको. एकेकान चला.” नवरा-नवरीसुद्धा गुपचूप चालायची. आम्ही हसायचो. पुढे मोठेपणी वाचलं की १८३१ साली इंग्लंडात ब्रॉटन गावाजवळच्या झुलत्या पुलावरून सैनिकांची एक तुकडी पावलाला पाऊल मिळवून चालली होती. ताल धरून पूल हलायला लागला आणि कोसळला. त्यानंतर इंग्रजी फौजेत पुलावर ताल मोडून चालण्याचा हुकूम निघाला. आबांना ब्रॉटन कुठे आहे हे माहीत नव्हतं. त्यांना पूल माहीत होता. “पूल काय म्हणता ता आयक,” असं ते आम्हाला सांगायचे. सैल नटाचा खुळखुळ वेगळा आणि फळीचा खडखडाट वेगळा, हे त्यांना कळायचं.

आबा गेले त्याला बरीच वर्षं झाली. पाना त्यांच्या पडवीत गंजत पडला आहे. त्यांच्यामागे कुणी तो उचलला नाही, मीसुद्धा नाही.

आबांच्या जागी काय आलं? फलक आला. पिवळ्या पत्र्यावर काळी अक्षरं: ‘सदर पूल वाहतुकीस धोकादायक आहे. अपघात झाल्यास प्रशासन जबाबदार राहणार नाही.’

माझं म्हणणं या दुसऱ्या वाक्याबद्दल आहे. पहिलं वाक्य माहिती देतं. ती खरी आहे, त्याबद्दल आभार. पण दुसऱ्या वाक्यात कबुली आहे. पूल धोक्यात आहे हे तुम्हाला कळलं, म्हणजे कुणीतरी येऊन बघितलं. कळल्यावर तुम्ही काय केलंत? दोर बदललात? फळ्या बदलल्यात? वाडीला दुसरी वाट दिलीत? मोरी उंच केलीत? यातलं काही केलं नाहीत. तुम्ही फक्त एक पत्रा लावलात, आणि त्या पत्र्यावर स्वतःची सुटका लिहून घेतलीत. डॉक्टरने रोग्याला तपासावं, रोग ओळखावा, आणि कागदावर ‘हा मनुष्य आजारी आहे, मेल्यास मी जबाबदार नाही’ असं लिहून तो त्याच्याच गळ्यात अडकवून निघून जावं, तसा हा प्रकार आहे.

त्या फलकावर आणखी काय काय नाही ते सांगतो. पूल कुणाच्या मालकीचा, ते नाही. कधी बांधला, ते नाही. एका वेळी किती माणसं चालतील, ते नाही. शेवटची तपासणी कधी झाली, पुढची कधी, तुटलेली फळी दिसली तर कुणाला फोन करायचा, यातलं काहीच नाही. ज्याचा उपयोग होईल असं एक अक्षर त्यावर नाही.

फलक लागायच्या आधीच्या पावसात शेजारचा मुलगा कॉलेजला निघाला होता. मध्याच्या पुढे एक फळी कुजलेली होती, ती त्याच्या पुढच्या चाकाखाली मोडली. चाक फटीत गेलं आणि तो सळईवर आपटला. हात दोन ठिकाणी मोडला. गाडी तशीच अर्धी पाण्यावर लोंबत राहिली, ती आम्ही सहा जणांनी दोर लावून काढली. कुणी मेलं नाही, म्हणून बातमी झाली नाही. चार दिवसांनी तालुक्याहून एक साहेब आले, त्यांनी फोटो काढले. मुलाच्या वडिलांना त्यांनी पहिला प्रश्न विचारला, “पण पुलावर गाडी घातलीच कशाला?”

वडील गरीब माणूस. ते म्हणाले, “चुकला, साहेब.”

ते ‘चुकला’ माझ्या कानातून जात नाही. कुजली ती फळी, आणि माफी मागितली त्याने ज्याच्या मुलाचा हात मोडला. त्यानंतर महिन्याभरात फलक लागला. फळी आम्हीच बसवली.

तेव्हा मी या पुलाचा मालक शोधायला निघालो. एका कार्यालयात सांगितलं, हा आमच्याकडे नाही, पलीकडे विचारा. पलीकडच्यांनी सांगितलं, बांधला असेल त्या वेळच्या कुठल्यातरी योजनेतून, आमच्याकडे हस्तांतर झाल्याची नोंद नाही. तिसऱ्याने चहा पाजला आणि म्हणाला, “अहो, नवीन पूल प्रस्तावित आहे. आता जुन्यावर खर्च कशाला?” हा युक्तिवाद मला सगळ्यात जास्त भिववतो. नवा पूल प्रस्तावित झाला की जुन्यावर एक खिळासुद्धा मारायचा नाही. आणि नवा येईपर्यंत जे काही पावसाळे जातील, त्यात माणसांनी कशावरून चालायचं? प्रस्तावावरून?

आता आमची बाजूही सांगायला हवी, कारण आम्ही काही धुतल्या तांदळासारखे नाही. पुलाच्या तोंडाशी गाड्या जाऊ नयेत म्हणून दोन लोखंडी पाइप रोवलेले होते. त्यातला एक एका रात्री कापला गेला. कुणी कापला ते गावाला माहीत आहे आणि कापल्यावर आम्ही सगळेच तिथून गेलो आहोत. घराचं काम काढलं तेव्हा सिमेंटच्या गोणी मी याच पुलावरून आणल्या आहेत. गणपतीत चाकरमानी आले की पुलाच्या मधोमध दहा-दहा जण फोटोला उभे राहतात, त्यात आमचे भाचे-पुतणेही असतात. आबा असते तर त्यांनी हाकललं असतं. आम्ही हसतो. हे आमचं पाप आहे आणि ते आम्ही पदरात घ्यायला तयार आहोत.

पण ‘लोक बेशिस्त, म्हणून पूल पडतात’ हे मला मान्य नाही. हिशेब बघा. वाडीत चालते तसली साधी मोटरसायकल साधारण एकशे दहा किलोची. तिच्यावर एक माणूस आणि थोडं सामान धरलं तर सगळं मिळून तीन माणसांइतकं वजन झालं. आता, वजन तेवढंच असलं तरी गाडी वेगळी हे मलाही कळतं. माणसाचं वजन पायापायाने वाटलं जातं, गाडीचं दोन चाकांतून एकेका फळीवर येतं, आणि ब्रेक मारला की पुलाला धक्का बसतो. म्हणजे गाडी आधी फळी मोडते. पण मुख्य दोर ज्या गोष्टीने जातो ती दुसरीच आहे. आमच्याकडे खारा वारा आहे, चार महिने पाऊस आहे. दोरातलं ग्रीस सुकलं की पाणी तारांच्या मध्ये शिरतं आणि गंज आतून धरतो. वरून ऑइलपेंट मारला की दोर नव्यासारखा दिसतो, आत तो खाल्ला जात असतो. ठोकळ्याच्या तोंडाशी माती साचली की तिथे ओल कायमची. तिथली एकेक तार तुटत जाते. ते आवाज करत नाही. ज्या दिवशी गर्दी होते त्या दिवशी पूल पडतो, आणि आपण म्हणतो गर्दीने पाडला.

मोरबीचं आठवा. गुजरातेत मच्छू नदीवरचा तो एकोणिसाव्या शतकातला झुलता पूल दुरुस्त करून २६ ऑक्टोबर २०२२ ला लोकांना खुला केला, आणि ३० ऑक्टोबरच्या संध्याकाळी तो कोसळला. १३५ माणसं गेली, त्यात लहान मुलं किती. पहिल्या दिवशी टीव्हीवर काय दाखवलं? पूल हलवणारी पोरं. पुढे विशेष तपास पथकाच्या अहवालात आलं की एका मुख्य दोरातल्या ४९ तारांपैकी २२ तारा आधीच गंजलेल्या होत्या, पूल पडायच्या आधीच बहुधा तुटलेल्या होत्या. दुरुस्तीत जमीन नवी घातली, लाकडाच्या जागी ॲल्युमिनियमची. मुख्य दोर मात्र बदलला नाही. डोळ्यांना दिसतं ते नवं केलं, आणि ज्याच्यावर माणसांचा जीव टांगलेला होता ते जुनंच राहिलं. बाविसाव्या तारेपर्यंत कुणी तिथे हात लावून बघितलं असतं तर? आमच्या आबांनी लावला असता.

मोरबी लांब वाटत असेल तर कुंडमळा घ्या. पुण्याच्या मावळात इंद्रायणीवरचा जुना लोखंडी पायपूल १५ जून २०२५ ला, रविवारी, पर्यटकांच्या गर्दीत पडला आणि चार माणसं गेली. तो झुलता नव्हता, पण गोष्ट आमचीच. पायी जाणाऱ्यांचा अरुंद पूल, त्यावर दुचाक्या, तोंडाशी धोक्याचा फलक, आणि नव्या पुलाला मंजुरी मिळालेली. फलकही होता आणि मंजुरीही होती. नव्हता तो फक्त धड पूल. गोव्यात सावर्ड्याचा पोर्तुगीजकालीन पायपूल तर वापराला बंदच होता. मे २०१७ मध्ये नदीत उडी घेतलेल्या एका माणसाचा शोध बघायला लोक त्याच्यावर जमले आणि तो कोसळला. बंद म्हणून ठेवलेला पूल पाडला नव्हता. कागदावर बंद आणि काठावर उभा असलेला पूल हा सापळाच.

मग करायचं काय? पैसे नाहीत, असं सांगतात. सावित्रीवरचा महाडचा ब्रिटिशकालीन पूल २ ऑगस्ट २०१६ च्या रात्री पुरात गेला आणि त्याबरोबर एसटीच्या दोन बस वाहून गेल्या. त्याच्या जागी नवा पूल पुढच्या पावसाळ्याच्या तोंडाशी, जून २०१७ मध्ये, रहदारीला खुला झाला. वर्षाच्या आत! म्हणजे पैसा असतो, माणसं असतात, यंत्रंही असतात. फक्त आधी बस वाहून जावी लागते. आमच्या वाडीची किंमत एका बसइतकी नाही, एवढंच काय ते.

आणि आम्ही महामार्गाचा पूल मागतच नाही. कर्नाटकात सुळ्याचे इंजिनिअर गिरीश भारद्वाज यांनी खेड्यापाड्यांत असे शंभरावर झुलते पायपूल उभे केले, २०१७ मध्ये त्यांना पद्मश्री मिळाली. खेड्याला परवडेल असा पूल होऊ शकतो, हे त्यांनी दाखवून दिलं आहे. पूल उभा करणं जमतं. अडतं ते उद्घाटनाच्या दुसऱ्या दिवसापासून. फीत कापायला सगळे येतात, ग्रीस लावायला कुणी येत नाही.

अमेरिकेसारख्या पैसेवाल्या देशालाही हे सुखासुखी सुचलं नव्हतं. तिथे ओहायो नदीवरचा सिल्व्हर ब्रिज, साखळ्यांवर टांगलेला पूल, १५ डिसेंबर १९६७ ला गाड्यांच्या गर्दीत कोसळला. ४६ माणसं गेली. कारण निघालं ते साखळीच्या एका दुव्यातली जेमतेम अडीच मिलिमीटर खोल चीर. तेव्हा कुणी असं म्हणून थांबलं नाही की लोकांनी गाड्या घातल्याच कशाला. त्यांनी कायदा केला, आणि १९७१ पासून देशभरातल्या रस्त्यांच्या पुलांची दर दोन वर्षांनी तपासणी करायचा नियम लागू झाला. आणि आपल्या शेजारचं नेपाळ बघा. आपल्याहून गरीब, डोंगराळ, तिथे हजारो झुलते पायपूल आहेत. तिथल्या देखभालीच्या पद्धतीत गावातलाच एक माणूस पुलाचा रखवालदार म्हणून नेमतात. नट आवळणं, गवत काढणं, बिघाड वर कळवणं, हे त्याचं काम. म्हणजे आमचे आबाच, फक्त नेमलेले.

आमच्या कोकणात प्रत्येक गावाला राखणदार असतो. देवचार म्हणा, गावराखण्या म्हणा. वर्षाला त्याला नारळ देतो, कोंबडा देतो. तो रात्री काठी आपटत गावाच्या सीमेवरून फिरतो अशी आमची श्रद्धा आहे. पुलाच्या दोन्ही टोकांनाही आम्ही नारळ फोडतो. पण राखणदार नट आवळत नाही. ते काम माणसाचं आहे, आणि त्या माणसाला पगार लागतो.

माझ्या मागण्या थोड्या आहेत. राज्यातला प्रत्येक झुलता पूल, प्रत्येक साकव कुणाच्यातरी नावावर चढवा, म्हणजे ‘आमच्याकडे नोंद नाही’ हे उत्तर संपेल. फलक लावा, पण त्यावर मालक कार्यालयाचं नाव, बांधल्याचं साल, एका वेळी किती माणसं, शेवटच्या तपासणीची तारीख आणि फोन नंबर लिहा. ‘जबाबदार राहणार नाही’ हे वाक्य पुसा. पावसाच्या आधी एकदा आणि नंतर एकदा तपासणी करा, आणि ती खांबांचे फोटो काढून नव्हे, तर ठोकळ्याजवळची माती उपसून. गावातला एक जाणता माणूस मानधनावर नेमा, त्याला शिकवा, त्याला पाना आणि ग्रीसचा डबा द्या. जिथे दुचाकीशिवाय भागत नाही तिथे दुचाकी धरूनच पूल बांधा. गाडी येणार हे माहीत असून पायपूल बांधायचा आणि मग गाडीला दोष द्यायचा, ही फसवणूक आहे. आणि पूल खरोखरच संपला असेल तर तो बंद करा, पाडा. पण आधी दुसरी वाट द्या. वाट न देता केलेली बंदी कुणी पाळणार नाही. मीही पाळली नाही, ते सांगून थांबतो.

गेल्या जुलैत रात्री दोन वाजता काकीच्या छातीत दुखायला लागलं. काकी पलीकडच्या वाडीत राहते. पाऊस धो धो, मोरी पाण्याखाली. एकशे आठची रुग्णवाहिका आली ती अलीकडच्या काठावर, त्याच्या पुढे तिला वाट नाही. खाटेवर उचलून न्यायचं तर चार माणसं एकत्र चालणार, पूल जास्त हलणार. शेवटी चुलतभावाने गाडी काढली, काकीला मध्ये बसवलं, मागे मी तिला धरून. म्हणजे मागच्या माणसाला उतरवायचा नियमही मोडला. फलक गाडीच्या दिव्यात लख्ख दिसला. ‘जबाबदार राहणार नाही.’ पुलावर चढलो, फळ्या खडखडल्या, मध्यावर पूल डुलायला लागला. खाली नदीचा आवाज एवढा होता की फळ्यांचा ऐकू येईना. काकी पुटपुटत होती. मला वाटलं देवाचं नाव घेते. कान लावला तर म्हणत होती, “बिरेक मारू नको रे झिला, बिरेक मारू नको.”

काकी वाचली. आज ती परड्यात सुपारी सोलत बसते. त्या रात्री आम्हाला पुलाने नेलं, प्रशासनाने नाही. तीस वर्षांपूर्वी कुणीतरी नीट बांधला आणि आबांनी कितीतरी वर्षं नीट राखला, त्या पुण्याईवर तो अजून उभा आहे. ती पुण्याई किती उरली आहे हे बघायला कुणी येत नाही. दसऱ्यानंतर मी आबांच्या घरी जाऊन तो गंजका पाना मागून आणला. रॉकेलमध्ये बुडवून ठेवला आहे. मला त्यातलं फारसं कळत नाही, पण करवंदीची जाळी तोडून ठोकळ्याजवळची माती उपसणं मला जमतं. ते मी केलं. दोर जिथे काँक्रीटमध्ये शिरतो तिथे बोट फिरवलं तर लाल गंज हाताला लागला. त्याचे फोटो काढून तिन्ही कार्यालयांना पाठवले आहेत, पोच घेऊन. आता तुम्हाला माहीत आहे. आता ‘जबाबदार राहणार नाही’ म्हणता येणार नाही.